दिव्यापुढचा अंधार

कोल्हापुरातून गगनबावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून तेरा किलोमीटरवर माझे गाव आहे. महाविद्यालयातील शेवटचा तास साडेसहाला संपतो, पुढचा तास-दीड तास ग्रंथालयात जातो, आणि सायकलीचे कुलूप काढतो तेव्हा बहुधा आठ वाजून गेलेले असतात. फुलेवाडीपर्यंत रस्त्यावर दिवे आहेत, दुकाने आहेत, माणसे आहेत. तिथवर सायकलीला दिवा असला काय आणि नसला काय, फारसे बिघडत नाही असे वाटते. (ते तसे नाही, पण त्याविषयी पुढे.) बालिंग्याचा पूल ओलांडला की मात्र दोन्ही अंगांना ऊस सुरू होतो, आणि उसाबरोबर अंधारही.

मी इंग्रजी साहित्य शिकवतो. फ्लॅन ओब्रायन या आयरिश लेखकाच्या 'द थर्ड पोलिसमन' या कादंबरीत डी सेल्बी नावाच्या एका विक्षिप्त पंडिताचे दाखले सारखे येत राहतात. रात्र म्हणजे प्रकाशाचा अभाव नव्हे, तर काळ्या हवेचा साठा होय, असा या पंडिताचा सिद्धान्त आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर, १९६७ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी सायकलींनी आणि अहोरात्र सायकलींचाच विचार करणाऱ्या पोलिसांनी भरलेली आहे. वर्गात या सिद्धान्तावर मुले हसतात, मीही हसतो. पण डोक्यापेक्षा उंच वाढलेल्या उसाच्या दोन भिंतींमधून अमावास्येच्या सुमारास एकट्याने सायकल हाकताना डी सेल्बीचे म्हणणे अगदीच टाकाऊ वाटत नाही. अंधार तिथे खरोखरच वस्तूसारखा असतो. तो बाजूला सारावा लागतो.

तो कशाने सारावा, या प्रश्नाने गेल्या काही वर्षांत माझा जितका वेळ घेतला, तितका एखाद्या शोधनिबंधानेही घेतला नसेल. सायकलीचा दिवा ही काही निबंधाचा विषय व्हावी अशी वस्तू नव्हे, याची मला कल्पना आहे. तरीही या एका वस्तूच्या निवडीत माझ्या हातून जी चूक घडली, तिची किंमत दुसऱ्याला मोजावी लागली. म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या घरातला पहिला दिवा वडिलांच्या सायकलीचा. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्या काळी शहरात दिव्याशिवाय रात्री सायकल चालवणे हा दंडाचा गुन्हा असे. ज्यांच्याकडे दिवा नसे, ती माणसे हातात बॅटरी धरून किंवा हँडलला रॉकेलचा दिवा अडकवून हवालदाराच्या समोरून जात, आणि काही थेट उतरून सायकल ढकलत नेत. वडिलांच्या सायकलीला डायनॅमो होता. मागच्या चाकाला टेकणारी ती बाटलीच्या आकाराची वस्तू शास्त्राच्या भाषेत डायनॅमो नव्हेच, आत चुंबक फिरवून प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह निर्माण करणारे ते जनित्र होय. पण चुकीची नावेच टिकतात, हे भाषेच्या अभ्यासकांना सांगायला नको. सहा व्होल्ट, तीन वॅट. त्यांतले २.४ वॅट पुढच्या दिव्याला आणि ०.६ वॅट मागच्याला. मागचा बल्ब उडाला की त्याच्या वाटणीची वीजही पुढच्याकडे जाई आणि थोड्या वेळात तोही उडे. चढावर दिवा मिणमिणे, उतारावर भडके, थांबले की विझे, आणि पावसात डायनॅमोची चकती टायरवरून घसरू लागे. त्याची ती घरघर अंगणात ऐकू आली की आई चुलीवर तवा ठेवी.

त्या दिव्याची एक गंमत होती. वडिलांनी काचेचा वरचा अर्धा भाग काळ्या ऑइलपेंटने रंगवून टाकला होता. त्या वेळी ट्रकच्या दिव्यांचा वरचा भाग असा काळा केलेला असे, त्यावरून त्यांनी ते उचलले असावे. वाटेत कुणी समोरून आले, मग तो कंदील घेऊन पाण्याच्या पाळीला निघालेला शेतकरी का असेना, तर वडील त्या अर्ध्या दिव्यावरही क्षणभर तळहात धरीत. अकरावीला ती सायकल माझ्याकडे आली आणि मी पहिले काम काय केले असेल, तर दाढीच्या पात्याने तो काळा रंग खरवडून काढला. असलेला प्रकाश अर्धा झाकून ठेवणे मला शुद्ध अडाणीपणाचे वाटले होते. वडिलांनी पाहिले, पण ते काही बोलले नाहीत.

मधली बरीच वर्षे मोटरसायकलवर गेली. ती सोडून देतो. पन्नाशी ओलांडल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि थोडी हौस म्हणून पुन्हा सायकल घेतली. हँडलला पेन्सिल सेलवरचा एक लहानसा दिवा लावला. २०१७ च्या जानेवारीत एका रात्री रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन उभी असलेली उसाची ट्रॉली मला ती चेहऱ्याला लागेपर्यंत दिसली नाही. ट्रॉलीच्या मागे ना दिवा होता, ना परावर्तक, ना ठेवलेला दगड. बाहेर आलेली उसाची टोके कपाळावर आणि गालावर ओरखडे काढून गेली. वेग कमी होता म्हणून डोळा वाचला. आमच्या भागात राहणाऱ्यांना हे नवीन नाही. दरवर्षी साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना परावर्तक लावण्याची आवाहने होतात, एखाद्या चौकात कार्यक्रमही होतो, आणि दर हंगामात कुणीतरी अशा गाडीवर मागून आदळतो.

ओरखडे बरे होण्याआधीच मी दिवा शोधायला बसलो. शोधताना मनात भीती होती, आणि भिऊन केलेली खरेदी नेहमी एकाच आकड्याकडे बघते. दिव्याच्या बाबतीत तो आकडा म्हणजे लुमेन. मी निवडलेल्या दिव्याच्या खोक्यावर दहा हजार लुमेन असे छापले होते. मोटारीच्या साध्या हॅलोजन दिव्यातला एक बल्ब हजार ते दीड हजारांच्या घरात लुमेन देतो, हे तेव्हा माहीत असते तर हसू आले असते. अर्थात खोक्यावरचा आकडा खोटा असला तरी दिवा प्रखर होता, यात शंका नाही. लिथियमचे अठरा मिलिमीटर जाडीचे दोन सेल, तीन डोळे, पांढरा-निळसर झोत. पहिल्या रात्री मी अक्षरशः सम्राटासारखा घरी आलो. रस्ता दिसत होता, ऊस दिसत होता, झाडांचे शेंडे दिसत होते, त्यांत लटकलेली वटवाघळे दिसत होती. वटवाघळे दिसण्याचा सायकलस्वाराला नेमका काय उपयोग, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

जवळजवळ दोन हंगाम असे गेले. समोरून येणारे मोटरसायकलवाले शिव्या देत. मी त्या अभिनंदनासारख्या घेत असे. आपण दिसतो आहोत, याचा तो पुरावा होता.

२०१८ च्या डिसेंबरातली गोष्ट. रात्रीचे नऊ वाजले असतील. वळण घेतले आणि समोर अंधारात चार हिरवट ठिणग्या पेटल्या. बैलांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो. कमी उजेडात त्यांना त्यामुळेच बरे दिसते. त्या गाडीला परावर्तक म्हणून जे काही होते, ते एवढेच. उसाने शिगोशीग भरलेली टायरगाडी, तिला कंदीलही नव्हता. मला गाडी दिसली, याचा मला आनंद झाला; दिव्याचे पैसे वसूल झाले असेही वाटले. त्याच क्षणी उजवीकडचा बैल मान झटकून बाजूला ओढू लागला. गाडीवान ओरडला. गाडीचे एक चाक साइडपट्टीवरून खाली उतरले, जू पिळवटले आणि वर बसलेला माणूस ओढ्याच्या बाजूला फेकला गेला. ऊस त्याच्यावर कोसळला नाही, हे केवळ नशीब.

तो बीड जिल्ह्यातून आलेला ऊसतोड मजूर होता, वय तिशीच्या आत. डाव्या मनगटाचे हाड मोडले होते. मागून आलेल्या जीपमधून त्याला शहरात नेले, प्लास्टर घातले. सहा आठवडे हात वापरायचा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, आणि मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती कोयत्यावर. आता यातला अर्धा कोयता बसून राहणार होता आणि उचल मात्र पुरी फेडायची होती. दवाखान्याचा खर्च मी केला, वर काही पैसे दिले. त्याने ते घेतले. रागावला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोप्यांवर भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको एकटीच तोडीला गेली होती आणि तो एका हाताने बैलांपुढे वाढे टाकत होता. मी पुन्हा काहीतरी दिलगिरीचे बोललो असेन. त्याने थोडा वेळ ऐकून घेतले आणि विचारले,

"सर, एवढा उजेड कामून लागतो वो तुम्हाला?"

या प्रश्नात उपरोध नव्हता. त्याला खरोखरच समजून घ्यायचे होते. उत्तर म्हणून मी त्याला ट्रॉलीची गोष्ट सांगितली, कपाळावरची खूण दाखवली. त्याने मान हलवली. "आमच्या गाडीला बत्ती नव्हती, ते बी खरंय," म्हणाला. "पर तुमची बत्ती आली, अन् मला माझे बैलबी दिसंना झाले."

घरी येताना दिवा बंद करून सायकल ढकलत आणली. सात किलोमीटर. पहिली दहा मिनिटे काहीच दिसत नव्हते. मग हळूहळू रस्त्याची कड, पुलाचा कठडा, उसाच्या तुऱ्यांची फिकट रेघ दिसू लागली. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि ती मोडायला प्रखर दिव्याचे काही क्षण पुरतात. उतारवयात डोळ्यांतील भिंग गढूळ होऊ लागते, प्रकाश आतल्या आत विखुरतो आणि दिपलेली नजर पूर्ववत व्हायला अधिक वेळ लागतो. हे सारे पुस्तकात मिळते. पण माझ्या वाटेवरचे बहुतेक लोक बिनदिव्याचे चालणारे आहेत, आणि त्यांच्याजवळ वाटेसाठी असलेले एकमेव साधन म्हणजे अंधाराला सरावलेले त्यांचे डोळे, हे मला त्या रात्री प्रथम कळले. दोन वर्षे मी ते साधन रोज रात्री त्यांच्याकडून काढून घेत आलो होतो.

त्यानंतर मी दिव्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. दिव्यातून सर्व दिशांना मिळून किती प्रकाश बाहेर पडतो, त्याचे माप म्हणजे लुमेन. तो कुठे पडतो, याविषयी हे माप काहीच बोलत नाही. एखाद्या पृष्ठभागावर, दर चौरस मीटरला किती प्रकाश पोचतो ते लक्स सांगते, आणि अंतर दुप्पट झाले की ते एक चतुर्थांश होते. टॉर्चसारख्या दिव्याचा झोत गोल शंकूचा असतो. तो सरळ धरला तर त्याचा निम्मा भाग क्षितिजाच्या वर, म्हणजे झाडांवर, वटवाघळांवर आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत जातो. जर्मनीत सायकलीच्या दिव्यांविषयी कायदा आहे. दहा मीटरवर किमान दहा लक्स प्रकाश पडला पाहिजे आणि झोताला वरून कापल्यासारखी स्पष्ट कड असली पाहिजे, त्या कडेच्या वर नाममात्रच प्रकाश जावा, असे तो सांगतो. २०१३ पर्यंत तिथे बहुतेक सायकलींना डायनॅमो सक्तीचा होता. नंतर बॅटरीच्या दिव्यांनाही परवानगी मिळाली. पुढचा दिवा लुकलुकता ठेवण्यास मात्र तिथे मनाई आहे. हे नियम वाचताना मला एकदम वडिलांचा ऑइलपेंट आठवला. त्या काळ्या रंगाने ते दुसरे काय करीत होते? फरक एवढाच की चांगला दिवा वरचा प्रकाश नुसता अडवत नाही, आरशाच्या घडणीने तो खाली वळवून रस्त्यावर आणतो. वडिलांना तो वाया घालवावा लागे, आणि त्यांनी तो घालवला.

जर्मनीत असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने असा एक दिवा आणून दिला. माझ्या जुन्या दिव्यापुढे तो खोक्यावरच्या आकड्यात अगदीच किरकोळ दिसतो. पहिल्या रात्री मी निराश झालो, हे कबूल केले पाहिजे. झाडे नाहीशी झाली होती, आकाश नाहीसे झाले होते; पुढे फक्त रस्त्याचा एक लांबट, सारख्या उजेडाचा पट्टा पसरला होता. पण त्या पट्ट्यात मला पूर्वी कधी न दिसलेली गोष्ट दिसली: खड्डे. खड्डा स्वतः दिसत नसतो, दिसते ती त्याच्या काठाची सावली. दिवा डोळ्यांच्या जवळ असेल, विशेषतः शिरस्त्राणावर, तर सावली वस्तूच्या मागे दडते आणि रस्ता सपाट भासतो. दिवा खाली, पुढच्या चाकाच्या वर असेल, तर चिमूटभर खडीचीही सावली लांब पडते. धुक्यातही तेच. कपाळावरचा दिवा धुके उजळवून पांढरा पडदा उभा करतो, खालचा दिवा त्याच्या बुडातून वाट काढतो. म्हणजे चांगले दिसण्यासाठी थोडा अंधार राखून ठेवावा लागतो. समीक्षेतही पुष्कळदा असेच होते. ज्या भाष्याने कवितेच्या सगळ्या सावल्या पुसल्या जातात, त्याच्या उजेडात खड्डे आपल्यालाच भोवतात. पण तो विषय वेगळा.

पावसाळ्यात याही दिव्याचे फारसे चालत नाही. ओला डांबरी रस्ता आरशासारखा वागतो, पडलेला प्रकाश पुढे निघून जातो, आपल्याकडे परत येत नाही. पाण्याने भरलेला खड्डा आणि सपाट रस्ता एकसारखे काळे दिसतात. अशा वेळी कोणता दिवा घ्यावा, असे मला अनेक जण विचारतात. माझे उत्तर: वेग निम्मा करावा. दिवा पाणी सोसणारा हवा, हे ओघानेच आले. गगनबावड्याच्या अंगाने येणारा पाऊस कोणतीही फट सोडत नाही.

मागच्या दिव्याविषयी लोक फारसे बोलत नाहीत, कारण तो आपल्याला दिसत नाही. फुलेवाडीच्या अलीकडच्या उजेडात पुढचा दिवा नसला तर एक वेळ चालेल, मागचा हवाच. दुकानांच्या पाट्या, वाहनांचे दिवे, त्यांच्या गर्दीत सायकल आणि तिच्यावरचा माणूस सहज विरघळून जातात. पाहणे आणि दिसणे या दोन निरनिराळ्या गरजा आहेत आणि एकाच दिव्याने त्या भागवू पाहणे, हीच माझी मूळ चूक होती. लुकलुकणारा लाल दिवा चटकन लक्ष वेधतो, पण तो किती दूर आहे आणि कुठे सरकतो आहे याचा अंदाज मागच्याला येत नाही. म्हणून मी तो स्थिर ठेवतो. शिवाय घोट्यांवर परावर्तक पट्ट्या बांधतो. पायडलबरोबर वर-खाली होणाऱ्या त्या दोन रेघा पाहून मागच्या चालकाला ही वस्तू म्हणजे माणूस आहे, हे लवकर कळते. परावर्तकाला वीज लागत नाही, तो कुणाला दिपवत नाही, आणि ज्याने प्रकाश टाकला त्यालाच तो परत करतो.

बॅटरीविषयी एकच सांगतो. जुने सेल संपत आले की दिवा तांबूस होत जाई, घरी पोचेपर्यंत मुदत देई. लिथियमचे पुष्कळसे दिवे शेवटपर्यंत सारखा उजेड देतात आणि मग एकाएकी डोळे मिटतात. खिशात दुसरा लहान दिवा ठेवावा.

पुढच्या हंगामात परावर्तक पट्टीचे मोठे भेंडोळे आणि एक कात्री घेऊन मी कोप्यांवर गेलो. तो तिथे नव्हता. त्याची टोळी त्या वर्षी दुसऱ्या कुठल्या कारखान्याकडे गेली होती. त्याने दिलेला फोन लागत नव्हता. मनगट नीट जुळले की नाही, उचल फिटली की नाही, हे मला आजतागायत ठाऊक नाही. जे होते त्यांच्या गाड्यांना पट्ट्या लावल्या. आधी त्यांना वाटले, मी कारखान्याचा माणूस आहे आणि या पट्ट्यांचे पैसे कापून घेतले जाणार आहेत. एका म्हाताऱ्याने सुचवले म्हणून बैलांच्या शिंगांनाही एकेक तुकडा गुंडाळला. ते शोभिवंत दिसत होते, पोळ्यासारखे.

आता हंगामात या रस्त्यावर लांबून लाल ठिपके दिसतात. दिव्याची कड मी दर ऑक्टोबरात घराच्या भिंतीवर पाडून तपासतो, स्क्रू थोडा सैल झालेला असतो, तो आवळतो. समोरच्याच्या डोळ्यांत माझा प्रकाश जात नाही, हे मला ठाऊक आहे. तरी गाडी जवळ आली की डावा हात आपोआप हँडलवरून सुटतो आणि दिव्यावर तळहात जातो. मग काही क्षण बैलांचा श्वास, टायरची कुरकुर आणि उसाचा ओला वास जवळून जातो.

"कोण हाय?" अंधारातून वरून आवाज येतो.

"सायकल आहे," मी सांगतो. "जाऊ द्या."